ऱ्ह येईपर्यंत

नवा संगणक अर्ध्या तासात तयार होतो असं दुकानदार सांगतात, तेव्हा ते खोटं बोलत नसतात. अर्ध्या तासात तो तयार होतोच. कुणासाठी तयार होतो, तेवढं सांगायचं राहून जातं.

माझ्यापुरती संगणक तयार झाल्याची खूण अगदी साधी आहे. 'काय करी ऱ्हायनी?' एवढं त्यावर नीट उमटलं पाहिजे. आमच्या खान्देशच्या अहिराणीत माणूस काहीही करत असला तरी ते तो करी ऱ्हायना असतो. येई ऱ्हायना, जाई ऱ्हायना, खाई ऱ्हायना. 'ऱ्ह'शिवाय अहिराणीचं पान पुढे सरकत नाही. आणि हे एक अक्षर उमटवून द्यायला आमच्या नव्या संगणकानं असा काही अंत पाहिला, की दिवाळीनंतरच्या माझ्या सगळ्या रिकाम्या दुपारी त्यातच गेल्या.

आम्ही अमळनेरचे. २९ डिसेंबर १९४५ला याच गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली, वनस्पती तूप करायला. तिचीच पुढे विप्रो झाली आणि ऐंशीच्या दशकात ती संगणक बनवू लागली. कुणाच्या आजोबांनी तिचे शेअर जपून ठेवले आणि कुणाच्या आजोबांनी ते विकून टाकले, याच्या गोष्टी गावात अजून चघळल्या जातात. माझ्या सासऱ्यांनी ना घेतले ना विकले. ते प्राथमिक शिक्षक. त्यांनी आयुष्यभर अहिराणी म्हणी, ओव्या, कानबाई देवीची गाणी जमवली. वह्याच्या वह्या भरल्या. नव्वदच्या दशकात मी छापखान्यात डीटीपी करायचे तेव्हा काम संपल्यावर थांबून त्या वह्या टाइप केल्या. २०२४च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, तेव्हा मांडवात भेटणारा जो तो विचारी, 'गुरुजींच्या वह्यांचं काय झालं?' सासरे नव्हते. उत्तर मलाच द्यायचं होतं. म्हणून पुस्तक करायचं ठरलं. आणि पुस्तकाचं ठरतं न ठरतं तोच जुन्या संगणकाची मुदत भरत आली.

त्याला झालं काहीच नव्हतं. २०१४ साली घेतलेला, मेच्या उन्हात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की धापा टाकायचा, पण काम करायचा. पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काकू, विंडोज १० ची सुरक्षेची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला बंद होणार. बँकेचं काही त्याच्यावर करू नका आता." मग यालाच पुढची विंडोज टाकून दे म्हटलं. तर नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असला तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा चौथ्या पिढीतला. वर्षभराची वाढीव मुदत मिळते म्हणे, पण वर्षानंतर पुन्हा हेच. चालता संगणक बाजूला काढून नवा आणायचा, ही गोष्ट यांच्या गळी उतरवायला मला जो त्रास झाला तो वेगळाच. यांचा ट्रॅक्टर माझ्या लग्नाच्याही आधीचा आहे.

पूर्वी संगणक घरी यायचा तो माणसासकट यायचा. २००५च्या सुमाराला पहिला घेतला तेव्हा तो असेंबल करून देणारा पोरगा मोटारसायकलवरून आला होता. मागे बसलेल्याच्या मांडीवर डबडा मॉनिटर, दोघांच्या मधे कॅबिनेट. चप्पल काढायच्या आधी त्यानं विचारलं, "वहिनी, काम काय करणार याच्यावर?" मराठी टायपिंग, मी म्हटलं. विंडोज टाकून झाली तशी त्यानं पिशवीतून सीडींचं पाकीट काढलं आणि बाकी सगळं सोडून आधी मराठी फॉन्ट टाकले. त्यातल्या निम्म्या सीड्या कुठून आलेल्या असायच्या, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. चहा झाला, पोहे झाले. शेवटी त्यानं मला खुर्चीवर बसवून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' टाइप करायला लावलं, ते अक्षर अन् अक्षर बरोबर आलेलं पाहिलं, आणि मग पैसे मोजून घेतले.

आत्ताचा खोक्यात आला. खोकं देणाऱ्यानं सही घेतली आणि जिना उतरलासुद्धा.

त्यातही पहिला तंटा विजेचा. सगळ्या वायरी जोडून मी कॅबिनेटला हात लावला तर बोटांना झिणझिण्या. दुकानात फोन केला, तिथून उत्तर आलं, "तुमचं अर्थिंग बघा." दुकानदार काहीही झालं की हेच सांगतात, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही, पण मॉनिटरच्या मागच्या स्क्रूलाही तेच. गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्याच्याजवळ मीटर वगैरे काही नाही, होल्डरला दोन उघड्या वायरी लावलेला साधा बल्ब. एक टोक फेजला आणि दुसरं न्यूट्रलला लावलं, बल्ब लख्ख लागला. मग दुसरं टोक तिथून काढून अर्थच्या भोकात घातलं. बल्बची आतली तार नुसती लालसर झाली, इतकी मंद की खिडकी लोटून घेतल्यावर ती आम्हाला दिसली. "जमीन कोल्ली पडेल शे," तो म्हणाला. आमची काळी जमीन पाऊस उघडला की आवळते, भेगा पडतात, आणि पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपला सोडून ती बाजूला सरकते. परसात न्हाणीमागे कोळसा आणि मीठ घालून केलेला तो खड्डा कैक वर्षांत कुणी उघडला नव्हता. त्यानं तो मोकळा केला, खडे मीठ घातलं, आणि मी बादल्या ओतत राहिले. पाणी आधी गटागट आत गेलं, मग हळूहळू वर दिसू लागलं. पुन्हा बल्ब लावला तेव्हा तो उजळला. झिणझिण्या गेल्या. एवढ्या सगळ्या प्रकरणात हा एकच बिघाड असा की जो डोळ्यांना दिसला, बोटांना कळला आणि एका माणसानं येऊन काढून दिला. बाकीचे पडद्याच्या आत होते.

संगणक सुरू केला की आधी तो स्वागत करतो. मग देश विचारतो, मग कीबोर्ड विचारतो, मग नेट मागतो. नेट दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. घरातल्या नेटची तार रस्त्याच्या कामात तुटलेली होती, म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट दिलं. त्यानं लगेच स्वतःची अपडेट्स उतरवायला घेतली आणि दिवसभराचा डेटा जेवणवेळेच्या आत फस्त केला. मी अजून एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खातं. ईमेल दिला, पासवर्ड दिला, तर आता ओळख पटवा. आकडे तुमच्या नंबरवर पाठवले आहेत, असं पडद्यावर आलं. तो नंबर ह्यांचा. खातं उघडलं तेव्हा घरात एकच मोबाइल होता. आणि हे वावरात, कापूस मोजायला गेलेले, जिथं रेंज बांधावर उभं राहिलं तरच येते. मी फोन करायचा, तो लागायचा नाही. लागला की हे म्हणायचे, मेसेज आला नाही. मेसेज यायचा तोवर आकड्यांची मुदत टळलेली. ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणून बँका सारख्या बजावत असतात; आमच्याकडे तो भर दुपारी विहिरीवरून ओरडून सांगावा लागला, तोही दोन मजूर बायांच्या साक्षीनं. संध्याकाळी त्यातलीच एक दारावरून जाताना म्हणाली, "उघडनं का वं तुमनं?"

उघडलं. आणि मग कळींची पानं लागली. तुम्ही कुठे आहात हे आम्हाला कळू द्यायचं का? संगणक हरवला तर शोधायचा का? तुम्ही काय काय करता त्याची माहिती आमच्याकडे पाठवायची का? तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवायच्या का? प्रत्येक पानावर कळ आधीपासून 'हो'वर सरकवून ठेवलेली, आणि खाली मोठं निळं 'पुढे'. मी एकेक कळ 'नाही'वर सरकवत गेले. मग मोबाइल जोडायचा का, खेळ हवेत का, महिनाभर फुकट अमुक घ्यायचं का, नंतर पैसे लागतील. एवढं विचारून झालं आणि मला डेस्कटॉप दिसला. काम काय करणार याच्यावर, हा प्रश्न त्यात कुठेही नव्हता.

हे कुणा एकाच कंपनीचं नाही. मोबाइल, टीव्ही, सगळी नवी यंत्रं आता याच क्रमानं बोलतात. त्यांना माझ्याकडून जे हवं ते दाराशीच विचारून घेतात. मला त्यांच्याकडून जे हवं ते सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पानाआड, माझं मी शोधायचं. पूर्वीची यंत्रं फार शहाणी होती असं नाही. त्या असेंबलवाल्या संगणकानं दर पावसाळ्यात मला रडवलं. पण तो एकदा माझा झाला की माझा असायचा.

बारीकसारीक कुरबुरी पटकन सांगून टाकते. खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेलं, संगणक दाखवतो ४७६. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४च्या, म्हणून छत्तीस जीबी हिशेबातच विरतात. आमच्याकडे मालाच्या वजनात व्यापारी कापून घेतात तशी ही कट्टी. फरक इतकाच की इथे दोन्ही मापं खरी असतात आणि भांडायला समोर कुणी नसतं. प्रिंटर जुना, त्याचा ड्रायव्हर नव्या संगणकाला पटेना. शेवटी पुतण्यानं लांबून पडद्याचा ताबा घेऊन काहीतरी केलं, काय केलं ते मी विचारलं नाही. आणि एके दिवशी 'तुमची जागा संपली' असं आलं. पाहते तर डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली मला नीटसं न कळताच इंटरनेटवरच्या कपाटात जाऊन बसल्या होत्या, फुकटातली जागा ५ जीबी, आणि सासूबाईंच्या गाण्यांची ह्यांनी मोबाइलवर केलेली रेकॉर्डिंग्ज एकटीच त्याहून मोठी. जास्त जागा हवी असेल तर महिन्याला पैसे. फायली परत घरात आणायची वाट सापडायला एक अख्खी दुपार गेली.

डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं हेही पुतण्यानंच सांगितलं. चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येऊ नये म्हणून. चांगलंच आहे. पण ते कुलूप कधी अडलं तर उघडायला ४८ आकड्यांची किल्ली लागते, सहा-सहाचे आठ गट. "लिहून ठेवा काकू, आणि संगणकात लिहू नका." मी ती वहीच्या कागदावर दोनदा ताडून लिहिली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. ह्यांनी ती पाहिली तेव्हा त्यांना वाटलं, कुठल्या तरी लॉटरीचे नंबर आहेत.

आता मुद्द्याचं. म्हणजे मराठीचं.

मी टायपिंग शिकले ती गावातल्या इन्स्टिट्यूटमध्ये, लोखंडी मशीनवर, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा देण्यासाठी. त्या मशीनवर 'कि' लिहायचा तर आधी वेलांटी मारायची, मग 'क'. कागदावर जे डावीकडे दिसतं ते आधी. छापखान्यात संगणक आला तेव्हा मालकांनी खिळे जुळवणाऱ्या काकांना संगणकावर बसवायचा प्रयत्न केला. ते दोन दिवसांत उठून गेले आणि ती खुर्ची मला मिळाली. पेजमेकर उघडायचा, पत्रिका लावायची, ट्रेसिंगवर प्रिंट काढायची, तिची प्लेट. लग्नसराईत रात्रीचे अकरा वाजायचे. मराठी सॉफ्टवेअरसोबत एक छोटं कुलूप यायचं, ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या खाचेत बसवलं तरच अक्षरं उमटायची. मालक घरी जाताना ते काढून खिशात घालून न्यायचे.

त्या काळचे फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं, हे मला फार उशिरा कळलं. संगणकाच्या लेखी आम्ही मराठी टाइप करतच नव्हतो. तो आपला इंग्रजी अक्षरं साठवत होता, फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी मराठी आकार काढून दाखवत होता. कृतिदेव अनेकांना माहीत असेल. त्यात 'मराठी' लिहा आणि फॉन्ट बदलून इंग्रजी करा, तर पडद्यावर येतं इ, जे, के, मोठा बी, एच. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी पुन्हा वेगळी. म्हणून एका छापखान्याची फाइल दुसऱ्या छापखान्यात उघडली की रांगोळी विस्कटायची. आणि म्हणूनच सासऱ्यांच्या वह्यांची माझी सगळी पानं नव्या संगणकावर उघडली तेव्हा समोर आला इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा आणि टक्क्यांच्या खुणांचा लोंढा. पान अन् पान. ओव्याही तशाच, म्हणीही तशाच.

तो जुना फॉन्ट नव्या संगणकावर टाकता आला असता. पण पुस्तक छापणाऱ्यानं स्पष्ट सांगितलं, युनिकोडमध्ये द्या. त्याचंही बरोबर आहे. युनिकोडमध्ये 'म' हा 'म'च असतो, कुठल्याही फॉन्टात, कुठल्याही यंत्रावर. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, म्हणजे मी छापखान्यात सोंगं टाइप करत होते तेव्हा ते अस्तित्वात होतं. आमच्यापर्यंत पोचायला दहा-पंधरा वर्षं लागली, इतकंच. तर आता सोंगाचं खऱ्यात रूपांतर करायचं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. मजकूर घालायचा, फॉन्टचं नाव सांगायचं, बदलून घ्यायचा.

ऐकायला सोपं आहे. पण सोंगात वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडला ती अक्षरानंतर हवी. 'स्थिती' असेल तर ती 'स्' आणि 'थ' या दोघांच्या पलीकडे उडी मारून गेली पाहिजे. रफाराचं उलटं: आम्ही तो अक्षरानंतर मारायचो, युनिकोडला 'र' आधी लागतो. कन्व्हर्टरनं हे बरंचसं जमवलं, खोटं कशाला बोलू. अडला तो एका ठिकाणी. 'ऱ्ह'मधला तो आडवा, अर्धा 'र' आमच्या फॉन्टात स्वतंत्र आकार होता. आल्ट धरून आकडे दाबायचे की यायचा. कन्व्हर्टरला वाटलं, हा रफारच. त्यानं तो उचलून 'ह'च्या डोक्यावर ठेवला. सगळीकडे 'र्हायना', 'र्हायनी', 'र्हायनात'. मराठीच्या पुस्तकात हे एवढं दिसलं नसतं. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', शोधून शोधून दुरुस्त करता आलं असतं. अहिराणीत ते ओळीओळीत होतं.

बरं, हातानं दुरुस्त करायचं म्हटलं तर नव्या संगणकावर ते अक्षर येईना. मराठी ही भाषा आधी यादीतून शोधून घालावी लागते, मग तिचा कीबोर्ड निवडावा लागतो. उच्चाराप्रमाणे लिहायचा कीबोर्ड आधी घेऊन पाहिला. तो सूचना देतो, आणि 'ऱ्हायना' लिहू गेलं की 'राहिना' घ्या म्हणतो. त्यावर तपासणी चालू केली तर अहिराणीच्या शब्दाशब्दाखाली लाल नागमोडी रेघ. त्याच्या हिशेबानं माझ्या सासऱ्यांच्या वह्या म्हणजे नुसत्या मराठीच्या चुका. अहिराणी अशी भाषा संगणकाच्या यादीत नव्हतीच. जगातल्या भाषांना जे आंतरराष्ट्रीय तीन अक्षरी संकेत दिलेले आहेत त्यांत अहिराणीला तिचा स्वतःचा आहे, ए, एच, आर. २०११च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली अठरा लाखांवर माणसं मोजली गेली, त्यांतली बहुतेक आपली भाषा अहिराणी सांगणारी. संकेत आहे, माणसं आहेत, या संगणकात कीबोर्ड नाही. मी लाल रेघा बंद करून टाकल्या. त्यांनी डोळे दुखत होते.

शेवटी इनस्क्रिप्ट घेतला. सरकारनं ऐंशीच्या दशकात ठरवलेली मांडणी, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. माझ्या बोटांना मशीनची सवय. पहिले काही दिवस 'क' मागितला की भलतंच यायचं आणि वेलांटी आधी मारायची खोड जाता जात नव्हती. पण या मांडणीत एक गोष्ट सरळ आहे. शिफ्ट धरून इंग्रजी 'जे' दाबला की 'ऱ' येतो, खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला. मग डी, म्हणजे पाय मोडायचा. मग यू, म्हणजे 'ह'. मोठा जे, डी, यू. ते तिन्ही दाबले आणि पडद्यावर नुक्ता गेला, 'र' आडवा झाला, 'ह'ला चिकटला. ऱ्ह. मी खुर्चीतून ओरडले, तर आत ह्यांना वाटलं पुन्हा शॉक बसला.

मग बदला-शोधा करून एका झटक्यात सगळे 'र्ह' बदलून टाकले. पानं झकास दिसू लागली. दोन दिवसांनी सहज 'ऱ्हायना' शोधून पाहिलं, तर समोर दिसत असलेले काही ऱ्हायना संगणकाला सापडतच नव्हते. डोळ्यांनी पाहावं तर अगदी सारखे. पुतण्याच्या मुलानं मध्यंतरी वहीतली राहून गेलेली काही पानं मोबाइलवर टाइप करून पाठवली होती, ते हे. हे अक्षर दोन वाटांनी घडवता येतं. एक माझी, नुक्त्याच्या 'ऱ'ची. दुसरीत साधा 'र', पाय मोडलेला, आणि त्याच्यापुढे एक न दिसणारी जोडखूण, जी 'र'ला डोक्यावर चढू देत नाही. कागदावर दोन्ही एक, संगणकाच्या पोटात दोन. 'ॲ'चंही तसंच: हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक 'अ'वर चंद्र ठेवून भागवायचे, आणि तसे लिहिलेले अजून सगळीकडे आहेत. शोध घेणाऱ्याला एक सापडतं, दुसरं निसटतं. उद्या कुणी पोरगी अहिराणीवर अभ्यास करायला बसली आणि तिनं या पुस्तकात 'ऱ्हायना' किती वेळा आलं ते मोजलं, तर तिला निम्मेच मिळावेत, हे मला चालणार नव्हतं. म्हणून ती मोबाइलवरची पानं पुन्हा हातानं.

एवढं झाल्यावर वाटलं, आता एकदा आईंना वाचून दाखवावं. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते, दुसऱ्या दिवशी तिचं विसर्जन. मधल्या रात्रीच्या जागरणात अजूनही पहिला सूर त्यांचा असतो. त्यांना संगणकासमोर खुर्चीवर बसवलं. वाचता त्यांना येत नाही, पण पडदा त्यांना बघायचा होता. मी कानबाईचं पहिलं गाणं वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"हाई काय लिखेल शे?"

जे वहीत आहे तेच, मी म्हटलं. वही काढून दाखवली. सासऱ्यांचं अक्षर, मोत्यासारखं.

"आसं नही ते," त्या म्हणाल्या, आणि ती ओळ त्यांनी गाऊन दाखवली. शब्द वेगळा, मागेपुढे झालेला, आणि खरं सांगायचं तर चालीत जास्त बसणारा. मग म्हणाल्या, "तुना सासराले कमी ऐकू ये."

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सासरे गाणी लिहून घ्यायचे ती बायकांच्या घोळक्याबाहेर, ओट्यावर बसून. माजघरात पुरुषांनी शिरायचं नाही. जे कानावर आलं ते त्यांनी उतरवलं, जे आलं नाही ते जुळवलं. आईंच्या मते जवळपास प्रत्येक गाण्यात कुठे ना कुठे त्यांनी जुळवलेलं आहे. काही ठिकाणी आईंचंही खरं वाटत नाही मला; पारोळ्याच्या माझ्या मावशीकडे तीच ओळ तिसऱ्याच प्रकारे ऐकलेली आठवते. पण आई म्हणजे गाणारी, आणि सासरे म्हणजे लिहिणारे. कुणाचं खोडायचं?

कुणाचंच खोडलेलं नाही. पानाचे दोन भाग केलेत. डावीकडे वहीतलं, उजवीकडे आईंचं. दुपारी जेवणं झाली की त्या येऊन बसतात, मी त्यांच्या तोंडून उतरवते, मोठा जे, डी, यू आता बोटांत बसलं आहे. त्या मधेच विचारतात, 'लिखायनं का?' आणि पडद्यावर बोट ठेवून कुठे लिहिलं ते दाखव म्हणतात, त्यामुळे मॉनिटरवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटलेत. छापखानेवाला म्हणतो, दोन रकाने म्हणजे पानं वाढणार, पानं वाढली की किंमत वाढणार, परत विचार करा. मी आईंना विचारलं.

"वाढू दे," त्या म्हणाल्या.